रस्ता खात्याचं प्रशिक्षण: वर्गात की रस्त्यावर? (घाटमाथा, कॅम्बर आणि टेंडरवाचक या तिघांची चर्चा)

घाटमाथा
पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनिअरपासून मैलकुलीपर्यंत (रस्ता दुरुस्तीचा मजूर) सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवून एकच स्लाइड दाखवणं बंद करा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीकडे तांबडी माती आणि कोसळणारा पाऊस, अथणी-सौंदत्तीकडे काळवट. चोर्ल्याच्या रस्त्यावर शिकवायचं ते गटार, मोरीची (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेची) तोंडं आणि साइडपट्टीचा उतार. अथणीकडे आधी माती फुगते किती ते बघायला शिकवा. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून पडलेली १० ग्रॅम वाळकी माती दोन मापनळ्यांत घालायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि २४ तासांनी फरक मोजायचा. फुगवटा ५० टक्क्यांवर गेला तर ती माती भरावाला चालत नाही. एवढं साइटवरच होतं, त्याला बेंगळुरूला जावं लागत नाही.

वेळापत्रकही उलटं हवं. पावसाळ्यात वर्ग, ऑक्टोबरात खड्डे भरताना प्रात्यक्षिक. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाला बोलावलंत तर तो हजेरी लावून बिलांच्याच फायली चाळत बसणार.

कॅम्बर
साइटवर शिकवलं की साइटवरच्या चुकाच पुढच्या पिढीला मिळतात. खड्ड्याचंच घ्या. ओल्या खड्ड्यात माल ओतायचा आणि वरून लॉरीचं चाक फिरवायचं, याला 'अनुभव' म्हणतात. खरं तर कडा चौकोनी, उभ्या कापायच्या, सैल माल आणि धूळ काढायची, खड्डा कोरडा करायचा. मग इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. जास्त ओतलं की तळाशी साचतं आणि थर सरकतो, कमी पडलं की पहिल्याच पावसात पॅच उचकटतो. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल टाकताना १४० अंशांखाली नको, आणि ९० अंशांखाली जाण्याआधी रोलर मारून झाला पाहिजे. मुकादमाकडे थर्मामीटरच नसेल तर हे आकडे कुणासाठी? म्हणून उपविभागातून दोघांना ३ दिवस प्रयोगशाळेत बसवाच. चूक कुठे होते ते तिथे हाताने कळतं.

टेंडरवाचक
दोघंही पगारी माणसांचंच बोलताय की ओ. डांबर पसरतो तो ठेकेदाराचा कामगार. तो खात्याच्या हजेरीवर नाही, म्हणून प्रशिक्षणाच्या यादीतही नाही. त्याच्यासाठी टेंडरमध्येच अट घाला: रोज काम सुरू होण्याआधी १५ मिनिटं सूचना, आणि तिची नोंद मोजमापाच्या वेळी दाखवायची. पहिला विषय वाहतुकीचा. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी ५५ या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेचे चार भाग आहेत: आधी सूचना, मग वाहतूक वळवणं, मग प्रत्यक्ष काम, शेवटी पूर्ववत. आपल्याकडे शंकू नेमके खोदलेल्या खड्ड्याच्या काठावर! निपाणीकडून येणाऱ्या ट्रकला ब्रेक मारायला जागा कुठली उरते?

घाटमाथा
@टेंडरवाचक, अट मान्य. पण वहीत सही असली म्हणून काम आलं असं नाही. परीक्षा हातानेच घ्या. ७ मीटर रुंद रस्त्याला २.५ टक्के कॅम्बर (मधून दोन्ही कडांकडचा उतार) म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सुमारे ८.७५ सेंमी उतार. कॅम्बर बोर्ड (हा उतार तपासायची फळी) हातात देऊन तो लावून दाखवायला सांगा. जमलं नाही तर प्रमाणपत्र नाही, इंजिनिअर असो वा मुकादम.

आणि भाषा. स्लाइड इंग्रजीत, समजावणं कन्नडमध्ये, ऐकणारे निम्मे मराठी. डांबर दोन्हीकडे डांबरच आहे, पण खडीला कोणी जल्ली म्हणतं. दोन्ही भाषांतलं एक पान आणि चित्रं, बास. त्यावरून वाद घालू नका, चित्राला भाषा लागत नाही.

कॅम्बर
चित्रं मान्य, हाताची परीक्षाही मान्य. ३ दिवसांची मागणी मात्र सोडत नाही. तुमच्या योजनेत बदलीचा विचार कुठे आहे? शिकलेला इंजिनिअर दुसऱ्या जिल्ह्यात गेला की त्याच्याबरोबर प्रयोगशाळेतलं सगळं जातं. म्हणून दोघांपैकी एक तरी मुकादम असावा. तो सहसा उपविभागातच राहतो.

टेंडरवाचक
मग मुकादमालाच आधी पाठवा की. सध्या आदेश निघतो तो इंजिनिअरच्याच नावाने.