उजनी भरली, शिवार कोरडं: सोलापूरचा पाऊस येतो तरी कुठून?

मंद्रूपकर

ऑगस्टचा पंधरवडा उलटला. उजनी धरण शंभर टक्क्यांच्या वर, चंद्रभागा दुथडी, कोकणात रोज रेड अलर्ट. इकडे दक्षिण सोलापुरात नुसता वारा आणि भुरभुर. महसूल मंडळाच्या नोंदीत जूनपासून १४० मिमी दिसतात, पण एका दिवसात २० मिमीच्या वर कधीच गेला नाही. ढग रोज डोक्यावरून पूर्वेला पळतात.

सह्याद्रीचा घाट पाऊस अडवतो म्हणतात, पण तो आमच्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर लांब. एवढ्या लांबवर त्याची आडकाठी कशी काय पोचते? मोबाईलवर ६०-७० टक्के पाऊस दाखवतं आणि टिपूस येत नाही, मग बघायचं तरी काय? तिसरं कामाचं: जमीन मध्यम काळी, दोन-अडीच फुटांखाली मुरूम, थोडा पूर्वेला उतार. उडदाचं चार एकर रान पेरलंच नाही, आता तिथं रब्बी ज्वारी घ्यायची आहे. तोवर रान कसं ठेवावं?

ढगपाहणी

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो, शेतीचं जाणकार सांगतील.

अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातली बहुतेक वाफ खालच्या दीड-दोन किलोमीटरमध्येच असते. सह्याद्रीची धार हजार मीटरच्या आसपास, काही ठिकाणी बरीच वर. वारा चढला की गार होतो आणि पाणी तिथंच पडतं. पलीकडे उतरताना तीच हवा तापते. ढगातून चढताना किलोमीटरला साधारण ५-६ अंशांनी गार होते, पण कोरडी होऊन उतरताना १० अंशांच्या जवळपास तापते. म्हणून पूर्वेला ढग पातळ होत जातात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी, तिथून वीसेक किलोमीटरवर पाचगणीला त्याचा तिसरा हिस्सा असेल-नसेल, आणि घाट उतरून वाईला हजाराच्या आत. एवढ्या थोड्या अंतरात हा फरक पडतो.

पण सोलापूर काही सगळ्यात कोरडं नाही. खरा दुष्काळी पट्टा माण, खटाव, आटपाडी, जत. तिथून पूर्वेला पाऊस हळूहळू वाढतो. आपल्या जिल्ह्यातही सांगोला-माळशिरसला कमी, बार्शी-अक्कलकोटकडे जास्त. जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिमीच्या आसपास आणि सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरचा. पूर्वेला पाऊस वाढतो याचा अर्थ तो पाऊस घाट ओलांडून येणारा नाही, बंगालच्या उपसागराकडचा आहे.

आता डोक्यावरून पळणारे ढग. ते बुटके असतात, जाडी जेमतेम एक-दोन किलोमीटर. त्यातले थेंब मोठे व्हायच्या आत ढगच पुढं निघून जातो, त्यामुळं भुरभुरीच्या पुढं काही होत नाही. आपल्याला उभा, दहा-बारा किलोमीटर चढणारा गडगडाटी ढग लागतो. तो जुलै-ऑगस्टच्या सोसाट्याच्या पश्चिम वाऱ्यात उभाच राहत नाही. वारा पडला आणि दुपारी उकडायला लागलं तर ते चांगलं चिन्ह.

बघायचं असं. विंडीसारख्या ॲपवर वाऱ्याची पातळी ८५० हेक्टोपास्कल निवडा, म्हणजे जमिनीपासून सुमारे एक किलोमीटरवरचा वारा दिसतो. सोलापूरवर पश्चिमेकडून ताशी ५०-६० किलोमीटरचा वारा असेल तर टक्केवारी कितीही दाखवो, आपल्याकडे भुरभुरच. मग उपसागरातला कमी दाबाचा पट्टा कुठल्या वाटेनं निघालाय ते बघा. ओडिशावरून छत्तीसगड, मध्य प्रदेशकडे गेला तर तो पश्चिम वारे आणखी जोरात ओढतो: घाटात पूर, आपल्याकडे वारा. आंध्रच्या किनाऱ्यावरून तेलंगणामार्गे कर्नाटकाच्या उत्तर भागाकडे किंवा मराठवाड्याकडे वळला तर सोलापूरवर वारा मंदावतो, फिरून ईशान्येचा किंवा पूर्वेचा होतो. तेव्हा पत्रे बांधून ठेवा.

हवामान खात्याच्या अंदाजातले शब्दही मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या चौथाई केंद्रांपर्यंत, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे पाऊणपेक्षा जास्त. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ वाचून अख्ख्या तालुक्यानं पाभर (पेरणीचं अवजार) काढायची नसते.

बोरीकाठ

वरच्या उत्तराला धरणांची साक्ष आहे. उजनी भरते ती मावळ, मुळशी, भीमाशंकर, जुन्नरकडच्या पावसावर. अक्कलकोटचं कुरनूर धरण बोरी नदीवर, आणि बोरीला पाणी येतं तुळजापूर-नळदुर्गकडून. म्हणून जुलैत उजनी फुगलेली आणि कुरनूर रिकामं, हे दरवर्षीचंच. कुरनूर भरायला लागलं की समजायचं आपल्याकडचा पाऊस सुरू झाला.

सीनेचंही तेच. ती अहिल्यानगरकडून येते, तिच्या माथ्यावर घाटाचा मोठा पाऊस नाही. २०२५ च्या सप्टेंबरात माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरला सीनेनं जो धुमाकूळ घातला तो आपल्याच पट्ट्यातल्या पावसाचा. २०२० चा ऑक्टोबरही ध्यानात असेल. १३ तारखेला काकीनाड्याजवळ डिप्रेशन (तीव्र कमी दाबाचं क्षेत्र) किनाऱ्यावर चढलं, तेलंगणा ओलांडून दुसऱ्या दिवशी आपल्या डोक्यावर आलं आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं.

जुनी माणसं नक्षत्रावर हेच बोलायची. ‘न पडतील मघा तर वरती बघा.’ मघा १६-१७ ऑगस्टला लागतात, म्हणजे आत्ताच. पण ज्वारीवाल्यानं धीर धरायचा तो उत्तरा आणि हस्तापर्यंत, १३ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. मघा कोरड्या गेल्या म्हणून रान दुसऱ्याच पिकाला देऊन बसू नका.

पाभर

रानाचं सांगतो. सप्टेंबरचा पाऊस येतो तो तासा-दीड तासात ५०-६० मिमी असा. कडक झालेल्या उताराच्या रानात त्यातला निम्मा ओढ्याला जातो आणि वरची माती घेऊन जातो. म्हणून आत्ताच्या भुरभुरीचा उपयोग एवढाच: तण उगवलं असेल, एक कुळवाची पाळी उताराला आडवी द्या. तण मरेल, वरचा थर मोकळा होईल.

मग सारा यंत्रानं (बांध घालायच्या अवजारानं) वाफे पाडा, साधारण १० बाय १० मीटर, बांध वीतभर उंच. उतार जास्त असेल तर वाफ्याची लांबी उताराच्या दिशेनं कमी करा, नाहीतर पाणी खालच्या बांधाला साठून तोच फोडतं. आणि एक वाफा फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, असं करत अख्खी ओळ जाते. पहिल्या मोठ्या पावसानंतर फिरून फुटलेले बांध टिकावानं सांधा. ते काम कोणी करत नाही आणि मग म्हणतात वाफ्याचा फायदा झाला नाही.

हिशेब असा: १ मिमी म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी. सुकलेल्या काळ्या रानात इंचभर पाऊस पूर्ण मुरला तर ओल अर्धा फूट खाली जाते. तुमचं रान दोन-अडीच फुटांचं, म्हणजे चार ते पाच इंच, १००-१२५ मिमी आत गेले की मुरमापर्यंत ओल. त्याहून जास्त पाऊस त्या मातीत मावतच नाही, मग ज्वारी तेवढ्यावरच काढायची.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. लवकर पेरली तर खोडमाशी पोंगे (रोपाचा मधला कोंब) मारते, आणि उशीर झाला तर दाणे भरायच्या वेळी ओल संपते. मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी ३५-१, जी मोहोळच्या संशोधन केंद्रातच निवडलेली आहे. फुले अनुराधा हलक्या रानाची. वसुधा, रेवतीसाठी भारी रान हवं. कोणी दुकानदार गळ्यात मारत असेल तर आधी खड्डा घेऊन जमिनीची खोली बघा.

एकरी ४ किलो बी. काणी (कणसावरचा बुरशीरोग) येऊ नये म्हणून ३०० मेश गंधक, किलो बियाण्याला ४ ग्रॅम, पेरायच्या दिवशी चोळा. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर, खोली ५ सेंटीमीटर. विरळणी करून दोन रोपांत १५ सेंटीमीटर ठेवा. दाट ठेवली की कोरडवाहूत कणसं बारीक पडतात. खत पेरतानाच, दोन चाड्यांच्या (बी आणि खताला वेगळं चाडं असलेल्या) पाभरीनं: एकरी ३५ किलो युरिया आणि ५० किलोचं एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट. नंतर वरून युरिया फेकू नका. वरचा थर कोरडा असतो, तो मुळापर्यंत जात नाही.

कालवा

जाता जाता उजनीच्या टक्क्यांबद्दल, कारण त्यावरून दरवर्षी भांडणं होतात. शंभर टक्के म्हणजे उपयुक्त साठा, सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्याखाली साधारण ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे उन्हाळ्यात ‘शून्य टक्के’ ऐकून धरण कोरडं पडलं असं समजू नये, आणि ‘उणे’ आकडा लागला की मृतसाठ्यात हात घातला असं समजावं. धरण भरायला किती दिवस लागतील हे दौंडच्या विसर्गावरून घरी काढता येतं: साडेअकरा हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) दिवसभर आले की १ टीएमसी.

शिवाय पंढरपूरचं सगळं पाणी उजनीचं नसतं. भाटघर, नीरा देवघरकडचं पाणी वीर धरणातून सुटतं आणि नीरा नरसिंहपूरला, उजनीच्या खाली, भीमेत येतं. उजनीचे दरवाजे बंद असले तरी वीरच्या विसर्गानं चंद्रभागेचं पाणी वाढू शकतं. नदीकाठी मोटारी असलेल्यांनी दोन्ही आकडे बघावेत.

मंद्रूपकर

सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. कृत्रिम पाऊस पाडायचं विमान सोलापूरला आलं होतं ना, त्याचं पुढं काय झालं? आणि पाभर अण्णा, समजा ५ सप्टेंबरलाच ८० मिमी झाला तर पेरून टाकू का १५ ची वाट बघू?

ढगपाहणी

ते पुण्याच्या आयआयटीएमचं (उष्णदेशीय हवामान संशोधन संस्थेचं) संशोधन होतं, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात. पर्जन्यछायेचा (डोंगराआड कमी पावसाचा) पट्टा म्हणूनच सोलापूर निवडलं. ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडच्या नळ्या जाळायच्या, त्या कणांवर थेंब मोठे होतात. निष्कर्षात सुमारे १८ टक्के वाढ सांगितली आहे, तीही योग्य ढगांत आणि ठरावीक क्षेत्रात. पाणी भरलेला, वाढणारा ढग आधी असावा लागतो. आत्ता पळतायत त्या बुटक्या ढगांत विमान फिरवून काही हाती लागणार नाही.

पाभर

५ तारखेला पेरू नका. त्या पावसानंतर वाफसा आला (माती औत चालण्याजोगी सुकली) की हलकी कुळवणी करून वरची माती मोकळी ठेवा, म्हणजे खालची ओल टिकते. वाफे मोडले तर पुन्हा पाडा. १५ च्या आसपास आणखी एक पाऊस मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तरी ओल बघून पेरा.

ओल बघायची ती पायानं माती उकरून नाही. तीन फुटी लोखंडी सळई घ्या, अंगठ्याएवढी जाड, आणि नुसत्या हाताच्या जोरानं दाबा. ओलीत ती सरळ जाते आणि कोरड्याला लागली की अडते. वाफ्याच्या मधोमध, वरच्या आणि खालच्या अंगाला, अशा एकरी पाच-सहा जागा बघा. भेगेत घातली तर फसाल. दीड फुटाच्या वर सगळीकडे गेली तर ज्वारी पेरा. फुटभरातच अडत असेल आणि १० ऑक्टोबर आला असेल तर ज्वारीचा हट्ट सोडून करडई टाका, तिचं सोटमूळ खाली जातं.

उगवल्यावर कोळपणीला (ओळींमधली माती हलवायला) कंटाळू नका. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्यात पासेच्या, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. तोवर रान भेगाळायला लागतं आणि भेगेतून ओल उडते. दातेरी कोळप्यानं माती सुटून भेगा बुजतात. रान घट्ट झालं असेल तर कोळप्यावर दगड ठेवा.