मदत हवी आहे: डीएनएच्या दुसऱ्या स्ट्रँडवर तुकडे का?

शिंपला: डीएनए कॉपी होताना त्याच्या दोन स्ट्रँडपैकी (धाग्यांपैकी) एकावर सलग काम होतं, दुसऱ्यावर तुकड्यातुकड्यांत. असं का? पुस्तकात कारणच नाही. दुपारपासून डोकं पिकलंय. लवकर सांगा, रात्री समजावून द्यायचंय.

खडूफळा: कोणाला समजावायचंय? बारावी, नीट की एमएस्सी?

पारंबी: सोपं आहे. पर्सची चेन उघडते तसं समजा. मी सगळ्या बॅचना हेच सांगते.

खडूफळा: चेनने स्ट्रँड सुटे कसे होतात ते कळतं, तुकडे नाही कळत. दोन्ही स्ट्रँड एकमेकांच्या उलट दिशेने असतात आणि पॉलिमरेज, म्हणजे नवा स्ट्रँड बनवणारा एन्झाइम, नवी अक्षरं फक्त थ्री प्राइम (३) टोकालाच जोडतो. म्हणून स्ट्रँड सुटत जातील तसं एका बाजूला मागे येऊन येऊन काम करावं लागतं.

पारंबी: सुरुवात चेननेच करावी, या मतावर मी ठाम आहे.

मोरपीस: हे तुकडे नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या पतीपत्नींनी शोधले, १९६८ मध्ये शोधनिबंध आला. रेइजी हिरोशिमाचे. १९७५ मध्ये ४४ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेले. काम त्सुनेकोंनी पुढे नेलं. मुलांना हेही सांगा.

शिंपला: दिशेचं माहीत आहे हो! मुलगी बारावीत आहे. दोन रिबिनी टेबलावर उलटसुलट ठेवून टोकांवर पेनाने ५ आणि ३ लिहून बसलीये. तिचं म्हणणं, उलट्या दिशेने जोडणारा दुसरा पॉलिमरेज पेशीने का नाही ठेवला?

नदीकाठ: ताई, हे आधी लिहायचं ना! फार चांगला प्रश्न आहे. जोडणीची ऊर्जा नव्या न्यूक्लिओटाइडच्या (डीएनएच्या एका अक्षराच्या) तीन फॉस्फेटमधून येते. उलट्या दिशेत ते तीन फॉस्फेट वाढत्या साखळीच्या टोकावर असते. चुकीचं अक्षर कापलं की तेही गेले, पुढची जोडणी अडली. सरळ दिशेत तसं होत नाही. चूक कापली तरी पुढचा न्यूक्लिओटाइड आपले फॉस्फेट घेऊनच येतो. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून तुकड्यांचा खटाटोप, असं मानतात.

काजवा: टेलोमेर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, हीही याच कारणाने झिजतात.

खडूफळा: ते कोणी विचारलंय? विषय भरकटवू नका.

शिंपला: नदीकाठ, पटलं तिला! लगेच पुढचा प्रश्न: प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचा आरएनए प्रायमर, म्हणजे जोडणी सुरू करून देणारा छोटा आरएनए तुकडा, कोण काढतं?

नदीकाठ: जिवाणूंमध्ये मुख्यतः पॉलिमरेज वन. तोच रिकामी जागा भरतो. उरलेली फट लायगेज हा दुसरा एन्झाइम सांधतो.