गावच्या फुटबॉल मॅचा केबलवर बघायचो: तुमच्या आठवणी लिहा

यंदा चवथीला गावी गेलो होतो. गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या माटोळीचं सामान काढायला माळ्यावर चढलो, तर कोपऱ्यात जुन्या टीव्हीचं शटरचं लाकडी कपाट दिसलं. खाली आणून पुसत होतो. काका जवळ आला, शटर एकदा सरकवून बघितलं आणि म्हणाला, "ह्याच टीव्हीवर माझा गोल यायचा राहिला."

साल 1996. गाव गोव्यातलं, डिचोली तालुक्यातलं. काका तेव्हा एकोणतीस वर्षांचा, गावच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. साळगावकर, धेंपो, चर्चिल हे पेपरात नावं येणारे क्लब, ती मोठी फळी. आम्ही त्यांच्याखालच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये. त्याखाली सेकंड, त्याखाली थर्ड. त्याच वर्षी देशात नॅशनल लीग सुरू झाली, पण आमच्या वाड्यावर चर्चा एकच असायची: सोमवारी केबलवर आपली मॅच लागणार का?

मॅच रविवारी व्हायची. केबलवाला ती कॅसेटवर घ्यायचा आणि सोमवारी रात्री साडेनऊला लावायचा. निकाल सगळ्यांना पाठ असायचा, तरी आमच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमायची. टीव्ही खिडकीत बाहेर तोंड करून ठेवलेला. आजी पायरीवर, बायका ओसरीत, पोरं जमिनीवर, आणि ज्यांनी मॅच खेळली तेच अकरा जण मागे माडाला टेकून उभे. काल ज्याने थ्रो चुकीचा टाकला तो टीव्हीत पुन्हा तोच थ्रो टाकणार, आणि तो स्वतः आपल्या मागे उभा. जगात कुठल्या प्रेक्षकाला हे मिळालं असेल?

तर गोल. ड्रॉ झाली असती तर आम्ही खाली घसरलो असतो. शेवटची पाच-सात मिनिटं, उजवीकडून पास आला, काकाने एका टचमध्ये मारला. मी मैदानावर होतो, बाबांच्या खांद्यावर. फर्स्ट डिव्हिजनमधला काकाचा तो पहिला आणि शेवटचा गोल. सोमवारी सगळं गाव बसलं. सामना पुढे पुढे सरकला, काका हात चोळत उभा. आणि त्या क्षणाच्या जरा आधी पडदा निळा झाला. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. चित्र परत आलं तेव्हा पोरं काकाला खांद्यावर घेऊन नाचत होती.

अंगणात कुणी काही बोललं नाही. मग आजी म्हणाली, "आम्ही बघितला ना, पुरे झालं."

तुमच्याकडेही अशा मॅचा केबलवर लागत असतील. कुठलं मैदान, कोण बोलायचं, कुठे बसून बघायचात, सगळं लिहा. आणि कुणाकडे त्या काळच्या कॅसेट असतील तर तेही सांगा.

*

शिवोलीहून

मी लिहिणारच. मैदान आमच्या घरामागे, मध्ये फक्त एक कुंपण आणि काजूची चार झाडं. पण मुलींनी मैदानावर जायचं नाही असा घरचा नियम. मॅचच्या वेळी मी मागच्या खिडकीत बसून गृहपाठ करायची आणि कानाने मॅच बघायची. शिट्टी, मग ओरडा, मग शांतता. मध्येच "मार मरे!" असा एक लांबलचक आवाज. मी वहीच्या मागच्या पानावर खुणा करायची: मोठा ओरडा इथे, बारका ओरडा तिथे.

दुसऱ्या रात्री तीच मॅच टीव्हीवर लागली की वही मांडीवर. काल ऐकलेला तो मोठा ओरडा कशाचा होता? तो गोल नव्हताच, बॉल आडव्या दांडीला लागला होता! आणि सगळ्यात जास्त शांतता झाली होती ती बचावातल्या बॅकच्या पायाला लागलं तेव्हा. असं दर आठवड्याला जुळवायचे. भाऊ म्हणायचा, तू मॅच बघतेस की कोडं सोडवतेस?

खूप वर्षांनी कळलं की गोव्याची योलांडा डिसोझा मुलींच्या फुटबॉलमध्ये भारताकडून खेळली होती, आणि तीही माझ्या जन्माच्या आधी. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्या कुंपणावरून उडी मारली असती. आता माझी मुलगी त्याच मैदानावर संध्याकाळी जाते. मी खिडकीत बसत नाही, बाजूच्या बांधावर जाऊन उभी राहते.

*

मडगावहून, सध्या कोल्हापूर

आमचं घर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. बाबांची बँकेतून 1993 ला मडगावला बदली झाली. बाबांनी आयुष्यभर शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण या मंडळांच्या मॅचा बघितलेल्या, पेठेसाठी घसा फोडलेला. मडगावात आल्यावर पहिला महिना ते गप्पगप्पच होते. आईला वाटायचं, तब्येत बिघडली.

मग एका रात्री शेजारच्या घरातून कॉमेंट्रीचा आवाज आला. आर्लेमच्या मैदानावरची कुठलीशी खालच्या डिव्हिजनची मॅच केबलवर लागली होती. बाबा बनियनवरच शेजारी गेले. शेजारचे अंकल दर्यावरचे, सहा महिने बोटीवर आणि सहा महिने घरी. त्यांना मराठी येत नव्हतं, बाबांना कोंकणी येत नव्हती. दोघं रात्री साडेअकराला एकमेकांशी वाद घालत होते, ऑफसाइड होता की नव्हता. मला उचलून आणायला आई गेली आणि तीही तिथेच बसली.

कोंकणी मी त्या कॉमेंट्रीतून शिकलो. बोलणारा माणूस खेळाडूला नावापेक्षा घराने जास्त ओळखायचा. अमक्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोर, तमक्या मास्तरांचा धाकटा. एखादा नवा मुलगा आला की त्याचा मामा कोण, ते आधी. बाबा म्हणायचे, "आमच्या पेठेत पण असंच." कोल्हापुराबाहेर त्यांना घर सापडलं ते तिथे. अंकल गेले, बाबाही गेले. अंकलच्या मुलाशी माझं अजून बोलणं होतं, आणि पहिला प्रश्न असतो गावची टीम सध्या कुठल्या डिव्हिजनला आहे.

*

कॅमेऱ्यामागून, फोंडा

धागा वाचून छातीत धस्स झालं. डिचोलीच्या त्या मॅचला मी नव्हतो, पण मी असाच एक गोल घालवलेला आहे.

1995 ते 2001 मी एका केबलवाल्याकडे होतो. कॅमेरा खांद्यावरचा, मोठा पॅनासॉनिक, लग्नाचाच. वैशाखात लग्नं आणि गावच्या स्पर्धांच्या फायनल एकाच वेळी यायच्या, मग सकाळी मुहूर्त आणि दुपारी मैदान. एकच कॅमेरा. बांबूची पराची बांधायचे, सात-आठ फूट उंच, नाहीतर टेम्पोच्या टपावर चढायचं. पश्चिमेच्या बाजूला उभं राहायचं म्हणजे ऊन पाठीवर येतं. समोरून आलं तर खेळाडू नुसते काळे दिसतात. कुठे पश्चिमेला जागाच नसायची, तिथे झावळ्या बांधून सावली करायची.

सगळ्यात कठीण काय, तर वर गेलेला बॉल. नवखा माणूस कॅमेरा बॉलबरोबर आभाळात नेतो आणि मग त्याला बॉलही सापडत नाही, मैदानही सापडत नाही. मला आमच्या मालकाने शिकवलं होतं की बॉल सोडून द्यायचा, माणसांचे पाय कुठे वळतात ते बघायचं, बॉल तिथेच येतो. हे मला अजून कधीकधी झोपेत दिसतं.

बॅटरी जेमतेम पाऊण तास चालायची, जुनी असली तर तेवढीही नाही. दोन बॅटऱ्या, त्यातली एक हाफटाइमला चहाच्या गाड्यावर चार्जिंगला. माझा गोल गेला तो बॅटरीने नाही. पाहुणे आले होते, आयोजक खालून म्हणाले, "साहेबांना घे, साहेबांना घे." मी कॅमेरा वळवला. साहेब खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि मैदानातून तो आवाज आला. तो आवाज आला की कळतं, आता काही उपयोग नाही. तो ज्याचा गोल होता तो मुलगा मॅच संपल्यावर पराचीखाली येऊन उभा राहिला. "आला ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. खोटं बोललो. दुसऱ्या रात्री त्याने सगळ्या घराला घेऊन टीव्ही बघितला असणार. पंचवीस वर्षं झाली, ते मनातून जात नाही.

कॅसेटबद्दल सांगतो. बहुतेक पुसल्या गेल्या. कोरी कॅसेट महाग पडायची म्हणून तीच पुढच्या रविवारी परत वापरायची. ज्या उरल्या त्यांना आपला पावसाळा लागला. टेपवर पांढरी बुरशी धरते, तशीच प्लेअरमध्ये घातली की हेड भरतो आणि टेप तुटते. कुणाला माळ्यावर सापडल्या तर कृपा करून लगेच लावून बघू नका. आधी झाकण उचलून उजेडात धरा, कडेला पांढरं दिसलं तर बाजूला ठेवा, साफ करून देणारे लोक अजून आहेत. माझ्याकडे अकरा आहेत. कोणत्या मॅचच्या ते लेबलावर पुसट झालंय.

*

वास्कोहून

थोडंसंच. 5 डिसेंबर 2004, रविवार. बंगळूरला फेडरेशन कपची फायनल, धेंपोचा ब्राझीलचा क्रिस्तियानो जुनियर दोन गोल करून मैदानातच कोसळला आणि गेला. धेंपोने पुढे 10 नंबरची जर्सी कुणाला दिली नाही. त्या आठवड्यात आमच्या केबलवर थर्ड डिव्हिजनची एक मॅच लागली. सुरू व्हायच्या आधी दोन्ही टीम मैदानाच्या मधल्या वर्तुळाभोवती मान खाली घालून उभ्या. कॅमेरावाल्याने पूर्ण मिनिटभर कॅमेरा हलवला नाही. माइकमध्ये फक्त वारा. आमच्या घरातही कुणी हललं नाही.

*

फोंडा तालुक्यातूनच, गोली

वर कॅमेरावाले दादा भेटले, म्हणून लिहितो. बहुधा तुम्हीच मला घेतलं असणार.

मी सेकंड डिव्हिजनला गावाचा गोली. आमच्या घरात भिंतीवर देव आणि त्यांच्या बाजूला पेपरातून कापलेला गोव्याचा गोली ब्रह्मानंद शंखवाळकर. त्यांच्या कॅप्टनशिपखाली गोव्याने 1983-84 ची, राज्याराज्यांमधली संतोष ट्रॉफी जिंकली तेव्हा मी पाच वर्षांचा. 1990 ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर केरळला हरवून परत जिंकली, ती मात्र चांगली आठवते. गोली व्हायचं ते तेव्हाच ठरलं.

1999 मध्ये पहिल्यांदा मला स्वतःला टीव्हीवर बघायला मिळालं. तीन-एकने हरलो होतो. तीनही गोल मला वाटत होतं बॅकमुळे गेले. तसं मी रविवारी रात्री सगळ्यांना सांगितलंही. सोमवारी कॅसेट लागली. पहिला गोल: बॅक जागेवर, आणि मी गोललाइनला चिकटून, खांबाला बांधल्यासारखा. दोन पावलं पुढे आलो असतो तर समोरच्याला गोल अर्धाच दिसला असता. दुसरा गोलही तसाच. मी बघत होतो आणि कान गरम होत होते. आमचा बॅक माझ्या शेजारीच बसला होता. त्याने काही म्हटलं नाही, शेंगदाण्याचा पुडा माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. मग दोघं मैदानावर गेलो. त्याने पंधरा दिवस रोज सकाळी मला समोरून बॉल मारले, फक्त पुढे यायची सवय लागावी म्हणून. तेव्हा आमच्याकडे ना गोली शिकवणारा कोच होता, ना कुणाकडे कॅमेरा. ती केबलवरची मॅच हाच आमचा कोच.

2016 ला साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे क्लब देशपातळीवरच्या आय-लीगमधून बाहेर पडले तेव्हा लोक म्हणाले, गोव्याचं फुटबॉल संपलं. मला तसं कधी वाटलं नाही. आजही रविवारी चारला कुठल्याही गावात थांबा, मॅच चालू असते. फक्त सोमवारचं अंगण राहिलं नाही, ते मात्र फार जाणवतं. आता मोबाइलवर लाइव्ह लागते, पोरं एकेकटी बघतात.

*

पुन्हा डिचोलीहून

हे सगळं काल रात्री काकाला वाचून दाखवलं. कॅमेरावाल्या दादांचं दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प बसला.

मी म्हटलं, काका, त्या अकरा कॅसेट आपण बघू या, तुझा गोल नाही तरी तुझी एखादी मॅच असेल. तर म्हणाला, "गोल मला आठवतो रे. पायाला बॉल लागला तो आवाजसुद्धा आठवतो. मला पास बघायचाय." उजवीकडून पास ज्याने दिला तो पुढल्याच वर्षी बोटीवर गेला आणि परत आला नाही. त्याचा फोटो काकाकडे नाही, गावात कुणाकडेच नाही. पास मारताना तो कसा वाकायचा, हे काकाने उठून मला अंगणात करून दाखवलं. डावा हात मागे, मान खाली.

तेव्हा कॅमेरावाल्या दादांना काकाचा प्रश्न जसाच्या तसा: त्या दिवशी तुमचा कॅमेरा नसला तरी, आमच्या मैदानावर तुमच्याकडचं कुणी आलं तर पराची कुठल्या बाजूला बांधायचे? रस्त्याच्या की ओहोळाच्या? रस्त्याच्या बाजूला असेल तर उजवी बाजू जवळ पडते, आणि निळा पडदा व्हायच्या आधीच्या मिनिटात तो धावताना दिसला असेल. काका दार उघडं टाकून बसलाय. कॅसेट घेऊन या, बुरशीसकट.