मदत हवी आहे: नाताळसाठी केलेल्या स्ट्रॉबेरी क्रंबल बारचा तळ ओलाच राहतो

मालाडकरीण (२१ डिसेंबर, सकाळी)

नमस्कार. नाताळ चार दिवसांवर आला आहे आणि माझे स्ट्रॉबेरी क्रंबल बार (खाली दाबलेल्या पिठाचा थर, मधे फळाचे सारण आणि वर पिठाचा चुरा) लागोपाठ दोनदा बिघडले आहेत, म्हणून घाईने हा धागा काढते आहे. आम्ही मालाडला ऑर्लेमजवळ राहतो. खालच्या मजल्यावरच्या आंटी मूळच्या मंगळूरच्या. दर नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, किडियो आणि रोझ कुकीजनी भरलेले कुस्वाराचे, म्हणजे नाताळच्या फराळाचे, ताट वर येते, आणि मी ते दर वर्षी दुकानातल्या केकचे चार तुकडे ठेवून परत करते. यंदा घरी केलेले काहीतरी, तेही त्यांच्या आधी पाठवायचे असे ठरवले आणि फसले.

दोन्ही वेळा वरचा चुरा छान बदामी झाला, घरभर वासही सुटला. पण सुरीने तुकडा उचलायला गेले की वरचा थर हातात येतो आणि खालचा थर सैल शिऱ्यासारखा भांड्यालाच राहतो. पाककृती एका अमेरिकी बाईंची आहे, प्रमाण तंतोतंत त्यांचेच घेतले आणि तापमानही १८० ठेवले होते. काय चुकते आहे ते कृपया लवकर सांगावे. २४ तारखेला दुपारपर्यंत चोवीस तुकडे हवे आहेत.

मोजूनमापून

ताई, आपण दिलेल्या माहितीवरून तळ का ओला राहिला हे कोणालाही सांगता येणार नाही. ओव्हन कोणता, भांडे कशाचे, स्ट्रॉबेरी ताजी की गोठवलेली, आणि कप म्हणजे मोजण्याचा कप की चहाचा? अमेरिकी कप साधारण २४० मिलीचा असतो आणि त्यात १२० ते १२५ ग्रॅम मैदा बसतो. लोण्याची त्यांची एक ‘स्टिक’ ११३ ग्रॅमची असते, आपले लहान पाकीट १०० ग्रॅमचे. ‘तंतोतंत’ या शब्दात यांपैकी काय काय येते, ते लिहावे.

मालाडकरीण

कप मोजण्याचाच आहे. लोणी दीड स्टिक लिहिले होते, मी दीड पाकीट घेतले. स्ट्रॉबेरी ताजी, महाबळेश्वरची, दोन खोके. ओव्हन घरातला नेहमीचाच आहे.

मोजूनमापून

म्हणजे लोणी वीस ग्रॅम कमी पडले. त्याने चुरा थोडा कोरडा होईल, ओला होणार नाही, त्यामुळे लोण्यावरचा संशय सोडून देऊ. ‘नेहमीचाच’ म्हणजे कोणता, हा प्रश्न मात्र अजून उभाच आहे.

ठाण्याची सुगरण

मी गेली अठरा वर्षे ओटीजीमध्ये (वर-खाली रॉड असलेल्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) नानकटाई करते आहे आणि माझ्या अनुभवाने सांगते की लोण्याच्या ऐवजी साजूक तूप वापरावे. लोण्यात पाणी असते, तुपात नसते, त्यामुळे तळ ओला राहण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय पहिली वीस मिनिटे फक्त खालचा रॉड लावावा आणि शेवटच्या दहा मिनिटांत वरचा.

गिरगावकर

ताजी फळे घालण्याचा हा अट्टहास कशासाठी, तेच मला समजत नाही. बाजारात मिळणारा मिक्स्ड फ्रूट जॅम थराथराने पसरावा, काम दहा मिनिटांत होते आणि पाणी सुटण्याची भीती नाही. चुरा पसरण्याच्या या प्रकाराला जर्मन लोक ‘श्ट्रॉयझल’ म्हणतात. शब्दाचा अर्थच मुळी भुरभुरणे असा आहे. इंग्लंडमध्ये १९४० ते १९५४ या काळात रेशनिंग होते, तेव्हा ‘पाय’ या पिठाच्या पारीत फळ भरून भाजलेल्या पदार्थापेक्षा कमी लोण्यात आणि कमी पिठात भागते म्हणून क्रंबल तिथे घराघरांत रुळले, असे सांगतात. गरिबीतल्या पदार्थाला महागड्या स्ट्रॉबेऱ्या लावून आपण त्याचा मूळ स्वभावच बिघडवतो आहोत.

ठाण्याची सुगरण

गिरगावकर, ताईंना पदार्थ करायचा आहे, त्याचा इतिहास लिहायचा नाही. आणि बाजारचा जॅम पाऊण तास भट्टीत राहिला की कडेने काळा पडून दाताला चिकटतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

नाचणीप्रेमी

मैद्याऐवजी निम्मे नाचणीचे पीठ आणि साखरेऐवजी गूळ वापरून पाहावा. रंग गडद येतो, पण पोटाला हलके असते. अंडीही घालू नयेत.

मालाडकरीण

यात अंडी मुळातच नाहीत. पाहुण्यांना पहिल्यांदा देताना नाचणीचा प्रयोग करण्याचे धाडस माझ्यात नाही, क्षमस्व. ओव्हन म्हणजे कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आहे, त्यात वरचा-खालचा असा रॉड नाही. भांडे काचेचे, चौकोनी आहे. त्याच ओव्हनमध्ये माझा केक उत्तम होतो, म्हणून ओव्हनचा उल्लेख केला नव्हता.

वसईवाली

ताई, फळ शिजवून घेतले होते का, हे कोणीच विचारले नाही. आमच्याकडे नाताळात पेरूचे जे गुवा चीज करतात (त्यात चीज नावालाही नसते), त्यासाठी पेरूचा गर साखरेबरोबर आटवत राहतो, तो कढईची कड सोडेपर्यंत. पेरूत पेक्टिन भरपूर असते, म्हणून ते घट्ट बसते. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी आणि पाणी भरपूर. कच्च्या फोडींना साखर लावून भट्टीत घातले की ते सगळे पाणी आधी खालच्या पिठात उतरते आणि मगच त्याची वाफ होते. मला विचाराल तर स्ट्रॉबेरी सोडून पेरूच घ्यावा. पिकलेला, लाल गराचा, बिया गाळून. रंगही नाताळाला शोभेल असा येतो.

मालाडकरीण

स्ट्रॉबेरी आणून ठेवली आहे, ती आता वाया घालवायची नाही. फोडी शिजवल्या नव्हत्या. साखर आणि कॉर्नफ्लोअर लावून तासभर ठेवल्या आणि सुटलेला रस पण घातला. रस टाकून कसा द्यायचा? सगळा स्वाद तर त्यातच असतो.

मोजूनमापून

रस टाकू नयेच, पण तो कच्चाही घालू नये. कॉर्नफ्लोअर नुसते मिसळून घट्ट होत नाही, ते उकळीच्या आसपास गेल्यावरच पाणी धरते. वरचा चुरा बदामी झाला म्हणजे मधला थर उकळला असे होत नाही. कडेला बुडबुडे दिसतात, तेव्हा मधोमध अजून कोमटच असते. म्हणून रसासह सारण गॅसवर शिजवावे. कालथ्याने भांड्याच्या तळाशी रेघ ओढली आणि ती क्षणभर उघडी राहिली की सारण झाले असे समजावे.

वसईवाली

मुरंब्यासारखे आटवले तर कॉर्नफ्लोअर लागतच नाही. कॉर्नफ्लोअरने सारण गढूळ दिसते आणि तोंडात खळीसारखे लागते.

मोजूनमापून

ते पूर्ण न शिजवल्यामुळे होते. नीट उकळले तर कॉर्नफ्लोअर पारदर्शक होते. मुरंब्याइतके आटवायचे झाले तर साखर जवळजवळ फळाइतकी लागेल, आणि मग हे बार म्हणजे जॅमचा पाव होतील. चारशे ग्रॅम फोडींना ऐंशी ग्रॅम साखर आणि सपाट एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, तेही गार पाण्यात कालवून, एवढे पुरते. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर घालावा, कारण आंबटात फार वेळ उकळले तर कॉर्नफ्लोअरची पकड सुटते.

ठाण्याची सुगरण

आणि तूप?

मोजूनमापून

तुपाने नानकटाई होईल, बार होणार नाहीत. लोण्यातले पाणी तळ भिजवण्याइतके नसते. चारशे ग्रॅम स्ट्रॉबेरीत ते त्याच्या दहापटीहून अधिक असते. ताई, आता दोन प्रश्न. भांडे ओव्हनमध्ये नेमके कशावर ठेवले होते? आणि बाहेर काढल्यावर किती वेळाने कापले?

मालाडकरीण

कशावर म्हणजे? फिरत्या काचेच्या ताटलीवर, केकचे भांडे ठेवते तसेच. कापले दहा मिनिटांनी, कारण मुले थांबायला तयार नव्हती.

मोजूनमापून

ओव्हनबरोबर एक बुटके लोखंडी स्टँड आले असेल. ते कुठे आहे?

मालाडकरीण

ते ग्रिलचे आहे ना? माळ्यावर, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले.

मोजूनमापून

मग निम्मा उलगडा इथेच झाला. उंच स्टँड ग्रिलचे असते, बुटके कन्व्हेक्शनसाठी देतात. या ओव्हनमध्ये खालून आच नसते, गरम हवा पंख्याने फिरते आणि ती भांड्याच्या खालूनही जायला हवी. आपले भांडे काचेचे, ते जाड काचेच्या ताटलीवर टेकलेले. हवा फक्त वरून आणि बाजूने लागली. केकचे पीठ सैल आणि फुगणारे असते, म्हणून तो तरून जातो. इथे दाबून बसवलेला जाड तळ, वर ओले सारण आणि त्यावर चुऱ्याचे पांघरूण. खालच्या थरापर्यंत आच पोचणार तरी कशी?

गिरगावकर

लोखंडी स्टँड आणि मायक्रोवेव्ह? ठिणग्या उडून यंत्र जळाले तर जबाबदारी कोण घेणार? असले सल्ले जाहीरपणे देऊ नयेत.

मोजूनमापून

मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन या एकाच खोक्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या कन्व्हेक्शनवर लहरी बंद असतात, तिथे स्टँडही चालते आणि अॅल्युमिनियमचा डबाही. ‘मायक्रो’ किंवा ‘कॉम्बी’चे (दोन्ही एकत्र चालवण्याचे) बटण दाबले तर अॅल्युमिनियमचा डबा मुळीच ठेवू नये. गिरगावकरांची भीती तेवढ्यापुरती रास्त आहे, आणि ताईंनीही आपले माहितीपत्रक एकदा उघडून पाहावे. अॅल्युमिनियमचा वीस सेंटिमीटरचा चौकोनी डबा मिळाला तर उत्तम, तो काचेपेक्षा लवकर तापतो. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास सहज मिळेल.

नाचणीप्रेमी

अॅल्युमिनियममध्ये आंबट पदार्थ करू नये, असे माझ्या आजी सांगत.

वसईवाली

डब्यात बटर पेपर घातला की फळ डब्याला लागतच नाही. दोन बाजूंना कागद बाहेर राहू द्यावा, म्हणजे सबंध लादी उचलून पाटावर घेता येते आणि डब्यात सुरी चालवावी लागत नाही.

मालाडकरीण

आता मला कोणीतरी सगळे एकदा सलग सांगेल का? माझ्याकडे उद्याचीच एक दुपार आहे आणि खाली-वर वाचून डोके फिरले आहे.

मोजूनमापून

एका डब्यासाठी १८० ग्रॅम मैदा, ९० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम साखर आणि १५० ग्रॅम लोणी. आपले पिवळे लोणी खारट असते, म्हणून वेगळे मीठ नको. लोणी फ्रिजमधून काढून लगेच बारीक तुकडे करून बोटांच्या टोकांनी चोळावे. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीही ते ओट्यावर मऊ पडते, आणि मऊ पडले की चुऱ्याऐवजी कणकेसारखा गोळा होतो. तसे झालेच तर पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून काट्याने मोकळे करावे. दोन तृतीयांश चुरा डब्यात वाटीच्या बुडाने दाबून बसवावा आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये, बुटक्या स्टँडवर, १८०ला पंधरा मिनिटे नुसताच भाजावा. कडा किंचित रंगायला हव्यात. मग गार झालेले सारण पसरावे, उरलेला चुरा वर सोडावा (दाबू नये) आणि आणखी तीस ते पस्तीस मिनिटे भाजावे. त्यानंतर दोन तास ओट्यावर आणि एक तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय सुरी लावू नये, कारण सारण गार होतानाच आवळते. एका डब्यात चाराला चार असे सोळा तुकडे पडतात, तेव्हा चोवीस हवे असतील तर दोन डबे, पण एकामागून एक. उरलेले आठ मुलांना द्यावेत, म्हणजे आपल्याला तीन तासांची शांतता मिळेल.

ठाण्याची सुगरण

उद्याच करून फ्रीझरमध्ये टाकले तर २४ तारखेपर्यंत ताजे राहतील.

वसईवाली

फ्रीझरमध्ये नको. कॉर्नफ्लोअर घातलेले सारण गोठून सुटले की पाणी सोडते आणि मग पहिला प्रश्न परत येतो. साध्या फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात दोन दिवस सहज टिकतात; देण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावेत.

मालाडकरीण (२३ डिसेंबर, रात्री)

दोन्ही डबे झाले. डबा एकच आणला होता, त्यामुळे संध्याकाळ त्यातच गेली. पहिल्या लादीचा तळ भाजून झाल्यावर बोटाने दाबून पाहिला तर बिस्किटासारखा टणक लागला, तेव्हाच निम्मे समाधान झाले. सारण आटवायला मला पंचवीस मिनिटे लागली. मधेच कंटाळून गॅस बंद करणार होते, पण रेघ उघडी राहत नव्हती म्हणून थांबले. कापताना कोपऱ्याचे दोन तुकडे तुटले, बाकीचे कडक उभे राहिले. एक उलटा करून पाहिला, तळ खालून सारखा बदामी आहे. दुसऱ्या लादीत वसईवालींच्या आग्रहाखातर थोडा पेरूचा गर मिसळला होता आणि घरात मत तिच्याच बाजूने पडले, हे त्यांनी वाचावे आणि गिरगावकरांनी वाचू नये. उद्या सकाळी अकराला खाली घेऊन जाते.

दादरची नवखी

मी धागा आजच पाहिला. स्ट्रॉबेरीऐवजी अननस घातला तर चालेल का? अननसाने काही पदार्थ जमत नाहीत, असे ऐकले आहे.

मोजूनमापून

ते जिलेटिनबद्दल आहे. कच्च्या अननसातले पाचक द्रव्य जिलेटिन बसू देत नाही, कॉर्नफ्लोअरशी त्याचा संबंध नाही, आणि शिजवल्यावर ते द्रव्य निकामीही होते. फोडी स्ट्रॉबेरीपेक्षा बारीक कराव्यात, कारण त्यांचे धागे सुरीला अडतात आणि तुकडा फाटतो. डबाबंद अननस घेणार असाल तर पाक आधी पूर्ण निथळावा आणि साखर निम्मी करावी. आणि ओव्हन कोणता आहे, ते कृपया आताच लिहावे.