कन्झर्व्हेटिव्ह मतदार : पुराणमतवादी, परंपरावादी की उजवे?

प्रश्न : अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या 2012च्या प्रायमऱ्यांवर मराठीत लेख लिहितेय. कन्झर्व्हेटिव्ह मतदारांना त्यातले एक उमेदवार मिट रोमनी आपले वाटत नव्हते, हा मुद्दा आहे. 'पुराणमतवादी मतदारांची मतं' असं लिहिलं, तर वाक्यात मतच मत झालं. तुम्ही काय वापरता?

– 'पुराणमतवादी' नकोच, ताई. मराठीत तो शब्द दुसऱ्याला चिकटवायचा, स्वतःला कुणी लावून घेत नाही. तिथे तर उमेदवार 'खरा कन्झर्व्हेटिव्ह मीच' म्हणून भांडत होते. रिक सँटोरमच्या गर्भपातविरोधी, चर्चला जाणाऱ्या मतदाराला 'परंपरावादी' खपेल. पण रॉन पॉल? फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक बंद करा, कर कमी करा, परदेशातलं सैन्य माघारी बोलवा. यात पुराण कुठलं? तिथे 'सरकारची लुडबुड नको म्हणणारे' असं सरळ लिहा.

– वर्तमानपत्रांचा 'हुजूर पक्ष' ब्रिटनपुरताच ठेवा, अमेरिकेत हुजूर कुठले! मी 'उजवे' लिहितो. फक्त 'रोमनी सँटोरमपेक्षा उजवे ठरले' असं लिहू नका. निकाल बरोबर, विचारसरणी उलटी.

– यातच एक अवघड जागा आहे. फेब्रुवारी 2012मध्ये रोमनींनी भाषणात सांगितलं, की मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर म्हणून मी 'सिव्हिअरली कन्झर्व्हेटिव्ह' होतो. हे क्रियाविशेषण इंग्रजीत आजाराला, थंडीला लागतं, म्हणून लोक हसले. 'कट्टर' लिहिलंत तर वाक्य फारच गुळगुळीत होईल आणि गंमत जाईल. 'तीव्र परंपरावादी' करा, 'तीव्र ज्वर'सारखं कानाला खटकतं. संशयाचं कारणही एका ओळीत द्या : त्यांनीच 2006 साली त्या राज्यात आरोग्यविमा सक्तीचा केला होता, आणि विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा त्याच वळणाचा होता.

– प्रश्नकर्तीकडून : 'तीव्र' घेतलं. आता 'व्होट स्प्लिटिंग'? 'मतविभागणी' कोरडं वाटतंय.

– अहो, 'मतं खाल्ली' म्हणा की! ओहायोत 6 मार्चला रोमनींनी सँटोरमवर एक टक्क्याहूनही कमी फरकानं मात केली आणि न्यूट गिंगरिच सुमारे 15 टक्के घेऊन बसले होते. आपल्याकडच्या कुठल्याही पारावर याला दुसरा शब्द निघणार नाही. अर्थात गिंगरिच नसते तर ती सगळी सँटोरमकडेच वळली असती, हे गृहीत धरू नका. 'प्रायमरी' मात्र तशीच ठेवा, 'प्राथमिक निवडणूक' म्हटलं की शाळा आठवते. पहिल्यांदा येईल तिथे 'पक्षाचं तिकीट कुणाला, हे मतदारांनीच ठरवायची निवडणूक' एवढं जोडा. आपल्याकडे तिकीट वरून येतं, त्यामुळे हे सांगावंच लागतं.

– आणि आयोवाला प्रायमरी म्हणू नका, तिथे कॉकस असतं. संध्याकाळी शाळेत किंवा चर्चमध्ये जमायचं, भाषणं ऐकायची, मग चिठ्ठीवर नाव लिहायचं. त्या वर्षी आधी रोमनी आठ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं, अंतिम मोजणीत सँटोरम 34 मतांनी पुढे निघाले.