सगळी कर्जं एका हप्त्यात आणताना कोणावर भरवसा ठेवलात? खानदेशातले अनुभव लिहा

धाकट्या भावावर चार कर्जं आहेत. गाडीचं, क्रेडिट कार्डाचं आणि दोन मोबाइल ॲपची. जळगावात ‘सगळं मिळून एकच हप्ता करून देतो’ म्हणणारे दोघे भेटले, त्यातल्या एकाने फाइल उघडायच्या आधीच फी मागितली. तुमच्यापैकी कोणी असं केलं असेल तर प्रत्यक्षात काय घडलं ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत, नाहीतर मूळ विषय बाजूला राहून भांडणंच होतील.

भुसावळ, रेल्वेत नोकरी
आधी पगार जमा होतो त्या बँकेत विचारा. माझं तिथेच झालं. बँकेने पैसे माझ्या हातात दिलेच नाहीत. प्रत्येक कर्जाचं फोरक्लोजर लेटर (मुदतीआधी कर्ज मिटवायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणायला लावलं, रक्कम थेट त्या त्या कर्जखात्यात भरली आणि नंतर सगळीकडचे ना-हरकत दाखले मागून घेतले. तेव्हा वैताग आला होता. पण जो पैसा कुठे जातो यावर इतकं लक्ष ठेवतो, त्याच्यावरच भरवसा ठेवावा असं माझं मत झालंय.

धुळे
आमच्या मेहुण्यांचं उलटं झालं. त्यांना गाठ पडली ती कंपनी कर्ज देणारी नव्हतीच, ‘सेटलमेंट’ करून देणारी होती. हप्ते भरणं थांबवा, आमची दरमहा फी भरा, बँकेशी आम्ही बोलतो. फी जात राहिली, बँकेचा दंड वाढत राहिला, वसुलीवाले दारात. शेवटी एक खातं मिटलं, पण सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, ‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवलेलं) लागलं. ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेलं) आणि ‘सेटल्ड’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पुढच्या कर्जाला बँक तेच बघते. या दोन धंद्यांची गल्लत करू नका.
(वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या वेळी घरात कोणालाच माहीत नव्हता.)

अमळनेर, शिक्षिका
‘१२ टक्के’ ऐकून हुरळू नका. फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर (फक्त उरलेल्या रकमेवर), ते विचारा. तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास २१ टक्के पडतात. वर प्रोसेसिंग फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय न मागता चिकटवलेला विमा. ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे, त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद सहीच्या आधी हातात पडला पाहिजे.
मुदतही बघा. ३ लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १०,२५० आणि व्याज ६९ हजार. पाच वर्षं केलीत तर हप्ता ७ हजारांच्या आत येतो, व्याज मात्र १ लाख १९ हजारांवर जातं. एजंट फक्त हप्ता दाखवतो.

रावेर, केळी
शेतकऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. पीककर्ज यात मिसळू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर सवलती धरून व्याज शून्यावर येतं. ते वैयक्तिक कर्जात ढकलायचं म्हणजे स्वस्त पैसा मोडून महाग घ्यायचा. आमच्याकडे एक जण सातबारा मागत फिरत होता, ‘सगळंच एकत्र करू’ म्हणून. चहा पाजून वाटेला लावला.

चाळीसगाव
पहिले कागद दखाड, मंग फी मांग. बस.

शहादा
खासगी सावकाराचं कर्ज असेल तर आधी त्याचा परवाना बघा. २०१४ च्या कायद्याखाली शेतकऱ्याला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८, यापुढे व्याज लावता येत नाही. जास्त घेत असेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे लेखी अर्ज द्या. ते कर्ज फेडायला नवं कर्ज काढण्याआधी हे करा.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. भावाने दोघांकडेही की फॅक्ट स्टेटमेंट मागितलं. एकाने फोन उचलणं सोडलं, दुसरा ‘मंजुरीनंतर देतो’ म्हणतोय. सोमवारी पगाराच्या बँकेत जाणार आहोत. कार्डाची थकबाकी फिटली की कार्ड बंद करायचं का?

भुसावळ
थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के लागत असतील, तर आधी तेच फेडा. मी एक कार्ड ठेवलं, मर्यादा कमी करून घेतली. ॲपवाल्यांचे पैसे भरताना मात्र एजंटच्या यूपीआयवर टाकू नका, कर्ज देणाऱ्या कंपनीच्याच खात्यात जाऊ द्या. महिना-दोन महिन्यांनी सिबिल काढून बघा, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. माझं एक खातं दाखला मिळूनही चालूच दिसत होतं.