सात गाईंसाठी वळू पाळावा का?

माणदेशी गोठा: परवा एकानं इथं लिहिलं, ‘पाच-सात गाईंत वळू पोसणं म्हणजे अडाणीपणा, फोन केला की डॉक्टर येऊन कृत्रिम रेतनाची कांडी भरून देतो.’ फोन केला की? आमच्याकडं डॉक्टर येईपर्यंत माज उतरलेला असतो. माझ्या सातही गाई खिलार. त्यातल्या दोघींचा माज मुका, हंबरत नाहीत, रात्रीत येऊन सकाळी संपतो. गेल्या वर्षी त्या तीन-तीनदा उलटल्या, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आल्या, दर खेपेला 21 दिवस पाण्यात. पौषात दोन दाती, म्हणजे दोनच पक्के दात आलेला, कोवळा खोंड आणला. दोघी फळल्यात. आता बोला.

नीरा काठ: बोलतो. रक्त तपासलं होतं का खोंडाचं? आम्ही गावचा वळू लावला आणि तीन गाई सातव्या महिन्यात गाभडल्या, वार पडेना. ब्रुसेला निघाला, गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग. त्याची लस कालवडींनाच, तीही 4 ते 8 महिन्यांच्या वयात. नराला देत नाहीत, तपासणी हाच उपाय. आणि कोवळा खोंड कळपात मोकळा सोडलाय का?

माणदेशी गोठा: मोकळा नाही. आठवड्याला एकच गाय दाखवतो.

गोठ्यातली सून: तुम्ही पुरुष फळण्याचंच बोलता. शेण-चारा आम्ही करतो. आमचा वळू लहानपणापासून हातावर वाढलेला, अंगाला अंग घासायचा, पोरं पाठीवर बसायची. तिसऱ्या वर्षी त्यानंच सासूबाईंना गव्हाणीशी दाबलं, दोन बरगड्या मोडल्या. लाडावलेल्या नराला माणसाचं भय उरत नाही. वेसण आत्ताच घाला, आणि एकट्या बाईमाणसाला त्याला सोडायला लावू नका.

कोरडवाहू: आणि म्हातारा झाल्यावर? 2015 पासून वळू-बैलही कत्तलीला देता येत नाहीत. बाजारात गिऱ्हाईक नाही. आमच्या शिवारात तीन मोकाट वळू फिरतात, माझी एकराची ज्वारी एका रात्रीत साफ. हौस तुमची, राखण आमची!

माणदेशी गोठा: माझा खोंड अजून दोन दाती आहे, तुमची ज्वारी त्यानं खाल्ली नाही.

कोरडवाहू: त्या तिघांचे मालकही एकेकाळी हेच म्हणायचे. सोडून दिलेल्या जनावराला मालक नसतो, नुकसानीला तर कोणीच नसतं. पंचनामा मागायला गेलो तर ‘जनावर कुणाचं ते आधी सांगा’ म्हणाले.

शर्यतप्रेमी: मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीचा कायदा मान्य केला. चपळ खिलार खोंडाला मागणी आहे.

कोरडवाहू: दहा वर्षं गाई लावून थकलेल्याला कोण पळवणार? भलतं सांगू नका.

नीरा काठ: मूळ मुद्दा राहिला. तीन वर्षांनी याच खोंडाच्या कालवडी माजावर येतील. बापच लेकींना लावणार?

माणदेशी गोठा: तेवढं मान्य. तोवर शेजारच्या गावच्या खिलार वळूशी अदलाबदल करायचं बोलणं लावतो. रक्तही उद्या देतो. वेसणीचं ताईंचं बरोबर आहे, मी पुढं ढकलत होतो. पण कांडीवाल्यांनी रात्री दोनला येऊन दाखवावं, मग मला अडाणी म्हणावं.